संसदेतील 'उप' : १९६९ चा पावसाळा आणि आजची रिकामी खुर्ची



मागच्या वेळी आपण संविधान सभेविषयी बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणांचा आग्रह होता, की आता लोकसभेच्या अध्यक्षांवर बोला. आम्ही विषय थोडा सरकवला आहे. अध्यक्षांवर पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही त्यांच्या शेजारच्या माणसावर बोलणार आहोत. म्हणजे लोकसभेचे उपाध्यक्ष आणि राज्यसभेचे उपसभापती.

'उप' हा शब्द आपल्याकडे थोडा थट्टेचाच आहे. उपसरपंच, उपनगराध्यक्ष, पंचायत समितीचे उपसभापती. कोणाची तरी समजूत घालायची असली, दोन गटांत वाटणी करायची असली, की 'याला उप देऊन टाका' असे आपण म्हणतो. म्हणजे उपपद हे कामासाठी नसून मानासाठी असते, असे आपण धरून चालतो. हा समज गल्लीत कितपत खरा आहे ते तुम्ही ठरवा. दिल्लीत मात्र तो खरा नाही, आणि तो तसा धरल्यामुळे आपले नुकसान होते आहे, हे आजच्या व्याख्यानाचे सूत्र समजा.

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे सुरुवात जरा लांबून करतो. यज्ञात व्रीही म्हणजे भात हवा, आणि तो मिळाला नाही तर काय करायचे? आपल्या पूर्वमीमांसेत जैमिनींनी या प्रश्नाला सहाव्या अध्यायात चांगली जागा दिली आहे. उत्तर असे की, काम थांबवू नका. व्रीहीशी मिळतेजुळते नीवार घ्या आणि यज्ञ पुरा करा. या पर्यायाला त्यांनी शब्द वापरला 'प्रतिनिधी'. पण लगेच पुढे सांगितले, की सगळ्यालाच प्रतिनिधी चालत नाही. देवता बदलता येत नाही, अग्नी बदलता येत नाही, मंत्र बदलता येत नाही. म्हणजे दोन गोष्टी ठरल्या. एक, कर्म खंडित होऊ नये म्हणून पर्यायाची सोय आधीच करून ठेवावी. दोन, कशाला पर्याय चालतो आणि कशाला नाही, हेही आधीच ठरवून ठेवावे.

मराठी राज्यालाही हा प्रश्न पडला होताच. राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निघाले आणि ते प्रल्हाद निराजींना मिळाले. मोठ्या अधिकाऱ्याच्या वतीने शिक्के-मोर्तब सांभाळणाऱ्याला 'मुतालिक' म्हणत. आज ते आडनाव म्हणून उरले आहे, पण मुळात तो हुद्दा होता. धनी मोहिमेवर गेला म्हणून दफ्तर बंद पडत नसे, कारण मुतालिक जागेवर असे.

आता संविधानाकडे येऊ. अनुच्छेद ९३ सांगतो की लोकसभेने शक्य तितक्या लवकर आपल्या दोन सदस्यांची निवड करावी, एक अध्यक्ष आणि एक उपाध्यक्ष. बघा, दोघांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. आधी अध्यक्ष निवडा आणि जमले तर उपाध्यक्षही निवडा, असे त्यात नाही. राज्यसभेची रचना निराळी. तिथे उपराष्ट्रपती हे पदसिद्ध सभापती असतात. ते सभागृहाचे सदस्यही नसतात. म्हणून राज्यसभा स्वतःच्या सदस्यांतून निवडते तो पहिला माणूस म्हणजे उपसभापती. त्याची सोय अनुच्छेद ८९ मध्ये आहे.

यापुढचा मुद्दा जरा लक्षपूर्वक ऐका. अध्यक्षांना राजीनामा द्यायचा असेल तर तो कोणाकडे द्यायचा? आपल्याकडे सरपंच राजीनामा देतो तो पंचायत समितीच्या सभापतींकडे, आणि उपसरपंच देतो सरपंचाकडे. म्हणजे राजीनामा खालून वर जातो. लोकसभेत वर कोण आहे? राष्ट्रपती? नाही. पंतप्रधान? मुळीच नाही. अनुच्छेद ९४ सांगतो, अध्यक्षांनी राजीनामा उपाध्यक्षांकडे द्यावा आणि उपाध्यक्षांनी अध्यक्षांकडे. सभागृहाचा धनी सभागृहाबाहेर नसतो, हे तत्त्व एवढ्या साध्या तरतुदीत बसवले आहे. अध्यक्षांच्या वर कोणी नाही, म्हणून त्यांच्या शेजारी कोणी तरी असावेच लागते.

दुसरी तरतूद अनुच्छेद ९६ ची. अध्यक्षांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव विचारात असेल तर त्या बैठकीत अध्यक्षांनी खुर्चीवर बसायचे नाही. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश व्हायचे नाही, हा जुना न्याय. ही वेळ पहिल्याच लोकसभेत आली, आणि तीही दादासाहेब मावळंकरांवर. हे रत्नागिरीकडच्या मावळंगे गावाच्या घराण्यातले, अहमदाबादेत वाढलेले मराठी गृहस्थ. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याविरुद्धचा ठराव सभागृहापुढे आला. खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. ठराव फेटाळला गेला, दादासाहेब पुन्हा खुर्चीवर आले, काम पुढे चालू झाले. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी दादासाहेबांचे निधन झाले, आणि त्यांच्या जागी अय्यंगारच अध्यक्ष झाले.

आता मुख्य कथेकडे येतो. १९६९ साल. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतींचे काम पाहू लागले. त्या क्षणापासून राज्यसभेच्या सभापतीचे काम कोणाकडे गेले? उपसभापतींकडे. त्या होत्या व्हायोलेट अल्वा, मुंबईत वकिली केलेल्या. उपराष्ट्रपती राष्ट्रपतींचे काम करत असताना सभापतीचे काम उपसभापती करतील, असे अनुच्छेद ९१ मध्ये स्पष्ट आहे.

मग जुलै उजाडला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उभे केले. ते लोकसभेचे अध्यक्ष होते. १९ जुलैला त्यांनी अध्यक्षपद सोडले. त्याच दिवशी इंदिरा गांधींच्या सरकारने १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला. त्यावर सही केली गिरींनी, आणि २० जुलैला तेही राजीनामा देऊन निवडणुकीच्या रिंगणात उतरले.

आता चित्र बघा. राष्ट्रपती नाहीत. उपराष्ट्रपती नाहीत. लोकसभेला अध्यक्ष नाहीत, राज्यसभेला सभापती नाहीत. सत्ताधारी पक्ष फुटीच्या उंबरठ्यावर. आणि सभागृहापुढे विषय कोणता, तर बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा. दुसऱ्या एखाद्या देशात एवढ्यावर रणगाडे रस्त्यावर आले असते.

आपल्याकडे काय झाले? काही झाले नाही, आणि हीच मोठी गोष्ट आहे. राष्ट्रपतींचे काम सरन्यायाधीश हिदायतुल्ला पाहू लागले. हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, आणि तिथल्याच उच्च न्यायालयाचे पुढे मुख्य न्यायाधीश झालेले. सरन्यायाधीशांनी अशा वेळी काम पाहावे असा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, करून ठेवला होता. राज्यसभा व्हायोलेट अल्वांनी चालवली. आणि लोकसभा चालवली उपाध्यक्ष रघुनाथ केशव खाडिलकरांनी.

खाडिलकर हे नाव आज किती जणांना आठवते? हे शेतकरी कामगार पक्षातून पुढे आलेले नेते, मग काँग्रेसमध्ये गेले, पुणे जिल्ह्यातल्या खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मार्च १९६७ मध्ये उपाध्यक्ष झाले. १९ जुलैपासून ८ ऑगस्टला गुरदयालसिंग ढिल्लों अध्यक्ष म्हणून निवडले जाईपर्यंत अध्यक्षांचे सगळे काम त्यांच्याकडे होते. बँकांच्या विधेयकाचा लोकसभेतला प्रवास बराचसा याच सुमारे तीन आठवड्यांतला. ९ ऑगस्टला हिदायतुल्लांनी त्या विधेयकाला संमती दिली. पुढे फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, सरकारने नवा आणला, ती कथा निराळी. पण कायद्याच्या आशयावर वाद झाला. ज्यांनी सभागृह चालवले त्यांच्या अधिकारावर कोणाला बोट ठेवता आले नाही. कारण तो अधिकार उसना नव्हता, संविधानाने दिलेला होता.

हंगामी आणि 'उप' यांत फरक आहे तो इथे. हंगामी माणूस अडचण आल्यावर शोधला जातो. 'उप' अडचण येण्याआधी, शांत डोक्याने, सभागृहाने निवडलेला असतो. घराला आग लागल्यावर विहीर खणणे आणि आधीच खणलेली असणे, एवढाच तो फरक.

१९६९ ची कथा इथे संपत नाही. १ नोव्हेंबरला खाडिलकरांनी पद सोडले. पुढे ते केंद्रात मंत्री झाले. त्याच नोव्हेंबरमध्ये व्हायोलेट अल्वांनी पद सोडले आणि त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. दोन्ही उपपदे एकाच महिन्यात रिकामी. त्याच नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. आणि डिसेंबरात दोन्ही जागा भरल्या गेल्या. लोकसभेत आले जी. जी. स्वेल, ईशान्येकडच्या डोंगरी भागातल्या पक्षाचे. राज्यसभेत आले आपले चांद्याचे, रिपब्लिकन पक्षाचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. १७ डिसेंबर १९६९ पासून एप्रिल १९७२ पर्यंत ते उपसभापती होते. डॉ. आंबेडकरांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या पक्षाचा, विदर्भातला एक बॅरिस्टर राज्यसभेच्या खुर्चीवर बसला. त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

या दोघांत एक गोष्ट समान आहे. दोघेही काँग्रेसचे नव्हते. असे का झाले? उदारपणा असेल, पण इतिहास शिकणाऱ्याने आकडेही बघावेत. फुटीनंतर इंदिरा गांधींकडे लोकसभेत स्वतःचे बहुमत उरले नव्हते. इतरांना बरोबर घेणे भाग होते.

हा धागा पुढे ओढत नेला तर एक नमुना दिसतो. १९७७ मध्ये जनता सरकारकडे बहुमत होते, तरी उपाध्यक्षपद काँग्रेसच्या गोडे मुरहरींकडे गेले. तो उदारपणा मान्य करायला हवा. १९८० च्या दशकात काँग्रेसकडे मोठे बहुमत होते, तेव्हा हे पद मित्रपक्षांकडे गेले, आधी द्रमुक, मग अण्णाद्रमुक. मार्च १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांचे सरकार दुसऱ्यांच्या पाठिंब्यावर उभे होते, तेव्हा उपाध्यक्ष झाले विरोधी काँग्रेसचे शिवराज पाटील चाकूरकर. आपल्या मराठवाड्याचे. ते आधी महाराष्ट्र विधानसभेत उपाध्यक्ष, मग अध्यक्ष झालेले. लोकसभेतही तोच क्रम, १९९० ला उपाध्यक्ष, १९९१ ला अध्यक्ष. खुर्चीचे शिक्षण शेजारच्या खुर्चीवरच होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

त्यानंतर सुमारे तीस वर्षे संकेत घट्ट होत गेला. मल्लिकार्जुनय्या, सूरज भान, पी. एम. सईद, चरणजितसिंग अटवाल, करिया मुंडा. सरकार एकाचे, उपाध्यक्ष दुसऱ्या बाजूचा. २०१४ मध्ये तंबीदुराई आले, तेही सत्ताधारी आघाडीबाहेरचे. याच काळात उपाध्यक्षाची गरजही दिसली. मार्च २००२ मध्ये अध्यक्ष बालयोगी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. मे महिन्यात मनोहर जोशी अध्यक्ष होईपर्यंत काम सईद यांच्याकडे होते. मधल्या काळात, २६ मार्चला, 'पोटा' कायद्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली. अशा बैठका आपल्या इतिहासात बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली एक नेमकी अध्यक्षपद रिकामे असताना आली!

राज्यसभेतही तसेच. प्रतिभाताई पाटील १९८६ ते १९८८ उपसभापती होत्या. १९८७ मध्ये वेंकटरामन राष्ट्रपती झाले, तेव्हा २५ जुलैपासून नवे उपराष्ट्रपती येईपर्यंत सभापतीचे काम त्यांनी पाहिले. पुढे वीस वर्षांनी त्या स्वतः राष्ट्रपती झाल्या. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या नजमा हेपतुल्ला तर १९८८ ते २००४ सलग उपसभापती होत्या. किती सरकारे आली नि गेली, त्या खुर्चीवर होत्या.

आता आजचे. २०१९ ते २०२४ या १७ व्या लोकसभेने आपल्या पूर्ण मुदतीत उपाध्यक्ष निवडलाच नाही. असे पूर्वी एकाही लोकसभेत झाले नव्हते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर केंद्राला नोटीस काढली. जून २०२४ मध्ये १८ वी लोकसभा बसली तेव्हा विरोधकांनी हे पद मागितले. तडजोड झाली नाही आणि अध्यक्षपदालाच निवडणूक झाली. २०२५ चे पावसाळी अधिवेशन संपले तरी ती खुर्ची रिकामीच होती.

त्याच २०२५ च्या जुलैमध्ये काय झाले ते आठवा. २१ जुलैला, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी राज्यसभा चालली की नाही? चालली. उपसभापती हरिवंश जागेवर होते. सप्टेंबरात आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल राधाकृष्णन उपराष्ट्रपती होईपर्यंत तेच सभापतीचे काम पाहत होते. एकाच इमारतीत दोन सभागृहे. एकात 'उप' आहे, दुसऱ्यात नाही. जी वेळ राज्यसभेवर आली ती लोकसभेवर आली असती तर?

यावर उत्तर असे मिळते, की अहो, काम कुठे अडले? तालिका अध्यक्ष आहेत ना! बरोबर आहे. अध्यक्ष दहापर्यंत सदस्यांची तालिका नेमतात आणि ते आळीपाळीने खुर्चीवर बसतात. पण गैरहजेरी आणि रिक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अध्यक्ष जेवायला गेले, आजारी पडले, परदेशी गेले, तर तालिका पुरते. अध्यक्षपदच रिकामे झाले आणि उपाध्यक्षही नसले, तर तालिकेतल्या कोणालाही खुर्चीवर बसता येत नाही. मग अनुच्छेद ९५ प्रमाणे राष्ट्रपतींनी एक सदस्य नेमायचा. आणि राष्ट्रपती नेमतात म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमतात. म्हणजे ज्या सभागृहाने सरकारवर लक्ष ठेवायचे, त्या सभागृहाचा चालक सरकारच्या सल्ल्याने ठरणार. राजीनामा सुद्धा सभागृहाबाहेर जाऊ नये म्हणून ज्यांनी काळजी घेतली, त्यांच्या रचनेचा हा उलटा प्रवास झाला. मीमांसकांच्या भाषेत सांगायचे तर व्रीहीऐवजी नीवार घेतले, इथवर ठीक; इथे यजमानच बदलायची पाळी येते.

पण एका बाजूनेच बोलणे बरे नव्हे. 'उप' असला म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. हे सिल्लोडला सांगायची गरज नाही, कारण त्या कथेत सिल्लोडही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले. राजीनामा नियमाप्रमाणे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे गेला. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष अध्यक्ष निवडलाच गेला नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या. त्यांत आपल्या सिल्लोडचे आमदार अब्दुल सत्तार यांचेही नाव होते. नोटिसा काढणारे झिरवाळ, आणि त्याच झिरवाळांना हटवण्याची नोटीस दुसऱ्या बाजूने दिलेली. ज्याच्यावर अविश्वास दाखवला आहे त्याने अविश्वास दाखवणाऱ्यांची पात्रता ठरवावी का? २०१६ च्या नबाम रेबिया निकालात न्यायालयाने 'नाही' म्हटले होते. पण मग कोणीही नुसती नोटीस देऊन अध्यक्षांचे हात बांधू शकेल, अशी शंका आली. ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी हा प्रश्न सात जणांच्या पीठाकडे पाठवला.

कोण बरोबर, कोण चूक, यात आम्ही पडणार नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या वेळी अध्यक्षही असते आणि उपाध्यक्षही असते, तर एकावर आक्षेप आला तेव्हा दुसऱ्याने काम पाहिले असते. दोघांचे ओझे एकट्यावर पडले म्हणून पेच वाढला. महाराष्ट्रात अध्यक्ष नव्हता, दिल्लीत उपाध्यक्ष नाही. बाजू वेगळ्या, पक्ष वेगळे, खोड एकच : जी जागा आज आपल्या सोयीची नाही ती रिकामी ठेवायची.

उपाध्यक्षाच्या पदात एक अडचण मुळातच आहे, तीही सांगून टाकतो. खुर्चीवर नसताना तो साधा सदस्य असतो. तो भाषण करू शकतो, मत देऊ शकतो, पक्षाच्या बैठकीला जाऊ शकतो. मग सकाळी पक्षाचा आणि दुपारी सर्वांचा, हे कसे साधायचे? ब्रिटनमध्ये सभागृहाचे तीन उपाध्यक्ष असतात, दोन्ही बाजूंचा तोल राखून निवडलेले, आणि ते मतदानात भाग घेत नाहीत. आपल्या दहाव्या अनुसूचीतही पळवाट नव्हे, पायवाट आहे. या पदावर निवडून आलेला माणूस पक्षाचे सदस्यत्व सोडू शकतो. त्याबद्दल तो अपात्र ठरत नाही. ही तरतूद १९८५ पासून आहे. ती वापरावी असे फारसे कोणाला वाटलेले नाही.

काय करता येईल? एक साधी गोष्ट. लोकसभेच्या नियमांत अध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख राष्ट्रपती ठरवतात आणि उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख अध्यक्ष ठरवतात. कधीपर्यंत ठरवावी, याला मुदत नाही. संविधानातले 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द सज्जनांवर विश्वास ठेवून लिहिलेले आहेत. त्यापुढे साठ दिवस, नव्वद दिवस, अशी काही मुदत नियमांत घातली तर संविधानाला हात लावावा लागणार नाही. आणि विरोधी बाजूला हे पद देण्याचा संकेत? तो कायद्याने लादावा असे आम्हांला वाटत नाही. संकेत लादला की तो संकेत उरत नाही. पण त्याची आठवण मात्र सरकार कोणाचेही असो, करून देत राहावी.

सिल्लोड जालना लोकसभा मतदारसंघात येते. खासदार मत मागायला येतात तेव्हा आपण रस्त्याचे, पाण्याचे, मक्याच्या भावाचे विचारतो, आणि ते विचारलेच पाहिजे. त्याबरोबर एक प्रश्न हाही विचारून बघा : साहेब, तुमच्या सभागृहाने उपाध्यक्ष का निवडला नाही, आणि त्यासाठी तुम्ही तिथे काय बोललात? उत्तर काय येते ते आम्हांलाही ऐकायचे आहे.

पुढच्या व्याख्यानात दहाव्या अनुसूचीकडे, म्हणजे पक्षांतरबंदीकडे वळू. आज इथेच थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.